दाण्याचे दान

'जालना, सोने का पालना' ही म्हण आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मध्ये कुंडलिका नदी, तिच्या एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला नवा जालना. पेठ जुनी, व्यापार जुना, आणि ही म्हणही जुनीच. पण आज कुणी परगावचा पाहुणा आला आणि विचारू लागला की, "अहो, ते तुमचे सोने कुठे आहे?" तर त्याला सराफ कट्ट्यावर नेण्याचे कारण नाही. मृग जवळ आला की बियाणांच्या दुकानांपुढे जी गर्दी लोटते, तीत त्याला उभे करावे. जालन्याचे सोने आता पिशवीत भरून, शिवून, वजन करून विकले जाते. ते सोने म्हणजे बी.

आता तुम्ही यातली एखादी पिशवी हातात घेऊन नीट वाचा. तीवर कंपनीचे नाव असते, वाणाचे नाव असते, उगवणीची टक्केवारी असते, तारीख असते, किंमत तर असतेच असते. एकच गोष्ट नसते. या वाणाचे पहिले कणीस शेतात वेगळे आहे, हे ज्या डोळ्यांनी प्रथम हेरले, त्या माणसाचे नाव. आजचे माझे चार शब्द त्या माणसाविषयी आहेत. ज्याने शोध लावला, पण त्याला कुलूप लावले नाही. मागेल त्याला दिला आणि आपण बाजूला झाला, अशा माणसाविषयी.

इतिहासाची एक खोड आहे. तो हुकूम देणाऱ्याचे नाव लिहितो, हात चालवणाऱ्याचे लिहीत नाही. आमच्या जालन्याचाच मोती तलाव पाहा. निजामशाहीच्या काळात इथला अंमलदार असलेल्या जमशेदखानाने तो बांधविला आणि जमिनीखालून नळ घालून गावात पाणी खेळविले, अशी नोंद आहे. जमशेदखानाला त्याचे श्रेय अवश्य द्यावे. पण पाण्याला उतार किती हवा आणि नळाचे सांधे कसे बुजवायचे, हे ज्या कारागिरांना कळत होते, त्यांची नावे कोणत्या बखरीत आहेत? बियाणांचे तर त्याहून कठीण. तलाव निदान दिसतो. बी पेरले की मातीत जाते, आणि पेरणाऱ्याचे नावही त्याबरोबर मातीतच जाते.

वस्तुतः बी हा मोठा विलक्षण शोध आहे. घड्याळ एकाने बनविले तर दुसऱ्याला तसे बनवायला कारखाना लागतो. बियाला कारखाना लागत नाही. एक मूठ दिली की पुढच्या सुगीला तिच्या पायल्या होतात. ज्याने दिली त्याचे काही कमी होत नाही, ज्याने घेतली त्याचे घर भरते. त्यामुळे खेड्यापाड्यांत बी देण्याघेण्याचा व्यवहार निराळाच असे. सावकार सवाईने, दिढीने बी देत असे हे खरे. पण शेजारणीने शेजारणीला द्यायची ती मूठ वेगळी. तिचा हिशेब कुठल्या वहीत नसे.

माझी आजी जुन्या जालन्यापासून दोन-तीन कोसांवरच्या खेड्यातली. खळ्यावर कणसांची रास पडली की मळणीआधी ती तीतून चांगली टपोरी, दाट भरलेली कणसे वेचून बाजूला ठेवी. घरात आढ्याला ती टांगलेली असत. भोपळ्याचे, वाळकाचे बी राखेत कालवून गाडग्यात जाई. या गाडग्यांवर नावे लिहिलेली नसत, कारण आजीला लिहिता येत नव्हते. पण विचारले की ती सांगे, "हे बी धाकल्या मावशीचं हाय. आन् ते वाळकाचं, ते वेशीजवळच्या आत्याबाईचं." पिकाच्या नावाने नव्हे, देणाऱ्याच्या नावाने ती बी ओळखत होती. तिचे गाडगे म्हणजे तिची पोथीच होती म्हणा ना! आजी गेली. गाडगी फुटली. बीही गेले आणि आत्याबाईंचे खरे नाव काय होते, ते आज घरात कुणालाही सांगता येत नाही. ही चूक कुणा दुसऱ्याची नव्हे, आमचीच.

रब्बीच्या ज्वारीत मालदांडीचे नाव ऐकले नाही असा मराठवाड्यात शेतकरी सापडणार नाही. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मालदांडी ३५-१' हा वाण निवडून काढण्यात आला, आणि दर्जेदार भाकरीचे माप म्हणून तो आजही सांगितला जातो. पण शास्त्रज्ञांनी ती निवड केली कशातून? शेतकऱ्यांच्या शेतात आधीपासून असलेल्या मालदांडीतून. म्हणजे आधी पिढ्यान्‌पिढ्या कणसे वेचणाऱ्या बायाबापड्या, आणि मग प्रयोगशाळेतला विद्वान. विद्वानाचा मान कमी करण्याचे कारण नाही. पण त्याच्या खांद्याखाली किती खांदे होते, हे विसरण्याचेही कारण नाही.

आता जालन्याकडे वळू. निजामी राजवट १९४८ साली संपली. त्या मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या तरुणांपैकी एक होते बद्रीनारायण बारवाले. त्यांनी शेतीत लक्ष घातले आणि भेंडीचे बी पिकवायला आरंभ केला. भेंडी ही काय मोठी गोष्ट, असे तुम्हांला वाटेल. पण त्या काळी पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाने भेंडीची शेतेच्या शेते बसत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने त्या रोगाला दाद न देणारा 'पुसा सावनी' नावाचा वाण तयार केला होता. बारवाले यांनी त्याचे बियाणे वाढविले. पुढे १९६४ मध्ये त्यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे आपली 'महिको', काढली. त्याच वर्षी देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, प्रसारित झाला. आमच्या भागात लोकांनी त्या ज्वारीचे नावच 'हायब्रीड' ठेवले. घरोघरी 'हायब्रीडची भाकर' खाल्ली गेली. १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ साली पद्मभूषण मिळाले, आणि २०१७ साली ते निवर्तले. जालना बियाणांची पेठ झाली ती मुख्यतः त्यांच्यामुळे, हे निर्विवाद आहे.

पण या कथेचा पाया नीट पाहा. पुसा सावनी ही एका सार्वजनिक संस्थेची निर्मिती. सीएसएच-१ हा वाण अमेरिकेत सापडलेल्या नर-वंध्य ज्वारीचा उपयोग करून इथल्या शास्त्रज्ञांनी तयार केला. त्याचे मूळ जनक-बियाणे कुणा एकाच्या तिजोरीत बंद राहिले नाही. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय बीज निगमासारख्या संस्थांमार्फत ते बी पिकवणाऱ्यांच्या हाती गेले. आपापल्या प्रयोगशाळेत आयुष्य घालविणाऱ्या या शास्त्रज्ञांनी 'हे माझे' असे म्हटले नाही. त्यांनी दार उघडे ठेवले म्हणून बारवाले यांच्यासारखा कर्तबगार माणूस आत येऊ शकला. व्यापाराचे घर उभे राहिले ते दानाच्या जोत्यावर. ही गोष्ट व्यापाऱ्याला कमीपणा आणणारी नाही. पण ती सांगितली पाहिजे.

संकरित बियाणात एक नैसर्गिक कुलूप असते, तेही इथे समजून घेऊ. दोन वेगळ्या जनकांच्या संकरातून आलेले पीक पहिल्या वर्षी जोमदार येते. पण त्याच पिकातले दाणे राखून पुन्हा पेरले तर गुण फाटतात. एक ताट उंच, एक ठेंगणे, एक लवकर निसवणारे, एक उशिरा. म्हणून शेतकऱ्याला दर वर्षी नवे बी घ्यावे लागते. भाताचे तसे नाही. भाताच्या फुलात पराग आणि स्त्रीकेसर एकाच तुसात असतात. बहुधा तो स्वतःच स्वतःला फलित करतो. त्यामुळे भाताचा गुण एकदा स्थिर झाला की राखून ठेवलेला दाणा पुढच्या वर्षीही तसाच उतरतो. त्याला कुलूप नाही. भाताचा नवा वाण काढणाऱ्या माणसाने तो शेजाऱ्याला दिला, की तो गावाचा झाला, आणि गावाचा झाला की मुलखाचा झाला.

नेमके हेच चंद्रपूर जिल्ह्यात घडले. नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक गाव आहे. हे आपले गोदाकाठचे नांदेड नव्हे बरे का! या गावी दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी राहत. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन अवघी दीड एकर. त्या शेतात ते 'पटेल-३' हा भात लावीत. १९८३ साली पीक न्याहाळताना तीन लोंब्या त्यांना बाकीच्यांहून वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग निराळा, दाणा बारीक. दुसऱ्या कुणी त्या लोंब्या बाकीच्या पिकाबरोबर कापून खळ्यावर टाकल्या असत्या. दादाजींनी त्या वेगळ्या काढून जपून ठेवल्या. पुढच्या साली शेताच्या मध्यभागी, रानडुकरांपासून बचाव व्हावा म्हणून भोवती काट्याकुट्या लावून, त्यांनी ते दाणे स्वतंत्र पेरले.

इथे क्षणभर थांबा. तीन लोंब्या! एका लोंबीत दाणे असून असून किती असणार? एखादी गाय आत शिरली असती, एखादा पाऊस उशिरा आला असता, तरी गोष्ट तिथेच संपली असती. ज्याच्याकडे दीडच एकर आहे, त्याला जमिनीचा एकेक हात मोलाचा. तिच्यातला मधला तुकडा अनिश्चिताच्या स्वाधीन करायचा, आणि एक वर्ष नव्हे, वर्षानुवर्षे करायचा. दर साली त्या पिकातली वेगळी, बेढब रोपे काढून टाकायची, सारखी तेवढी राखायची. शास्त्रज्ञ याला निवड पद्धत म्हणतात. दादाजींनी तिचे नाव कदाचित ऐकलेही नसेल. पण पद्धत तीच होती.

हळूहळू बी वाढले. दाणा बारीक, उतारा चांगला, भात खायला गोड. गावातल्या इतर शेतकऱ्यांनी मागितले, दादाजींनी दिले. त्यांतल्या कुणाचा भात तळोधीच्या बाजारात गेला. व्यापाऱ्याने विचारले, "नाव काय याचे?" नाव तर कुणीच ठेवले नव्हते! त्या दिवसांत एचएमटीचे मनगटी घड्याळ हाताला असणे म्हणजे मोठी मिजास. बस्स, भाताचे नाव पडले 'एचएमटी'. पाहा ही गंमत. ज्या माणसाच्या डोळ्यांनी तो वाण शोधला त्याचे नाव त्याला मिळाले नाही, मिळाले ते घड्याळाच्या कारखान्याचे. आज आपण दुकानात 'एचएमटी तांदूळ द्या' म्हणतो, तेव्हा घड्याळाचा आणि भाताचा संबंध काय, असा प्रश्न कितीजणांच्या मनात येतो?

वाण पसरला. पूर्व विदर्भातून तो शेजारच्या राज्यांतही गेला. १९९४ साली अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्राने दादाजींकडून प्रयोगासाठी थोडे बियाणे नेले, आणि १९९८ साली 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने विद्यापीठाचा वाण प्रसारित झाला. पुढे यावरून वाद झाला. विद्यापीठाचे म्हणणे असे की, मूळ बियाणे भेसळीचे होते, ते आम्ही शुद्ध करून दिले. दादाजींचे म्हणणे असे की, मूळ वाण माझा, आणि माझे नाव कुठेच नाही. शुद्धीकरणाचे कामही काम आहे, ते मी नाकारीत नाही. पण गंगेचे पाणी गाळून घेतले म्हणून गंगा आपण आणली असे होत नाही.

या सगळ्या काळात दादाजी काय करीत होते? तक्रार करीत बसले नव्हते. ते पुढचे वाण काढीत होते. 'नांदेड हिरा', 'नांदेड चिन्नोर', 'विजय नांदेड', 'दीपक रत्न', 'डीआरके' अशी त्यांच्या वाणांची मालिका आहे. त्यांतल्या 'डीआरके'ची अक्षरे जुळवून पाहा. दादाजी रामाजी खोब्रागडे! एकदा नाव हरवल्यावर माणूस शहाणा होतो तो असा. आणि तरीही बी देणे त्यांनी थांबविले नाही.

२००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाचा पुरस्कार राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना मिळाला. २०१० साली 'फोर्ब्स' नियतकालिकाने ग्रामीण भारतातील कर्तबगार उद्योजकांच्या यादीत त्यांना घेतले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. पण कौतुकाने पोट भरत नाही आणि औषधही येत नाही. अखेरच्या वर्षांत अर्धांगवायूने ते अंथरुणाला खिळले, आणि घरच्यांना उपचारांच्या खर्चाची विवंचना पडली. ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्रामच्या रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. ज्याच्या भाताने अनेकांची घरे सावरली, त्याचे स्वतःचे घर अखेरपर्यंत ओढगस्तीचे राहिले.

अशी माणसे एकट्या आपल्याच देशात झाली असे नाही. अठराव्या शतकात अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी थोड्या लाकडात खोली ऊबदार ठेवणारी शेगडी काढली. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नराने तिच्या विक्रीचा एकाधिकार देऊ केला. फ्रँकलिन यांनी तो नाकारला. दुसऱ्यांच्या शोधांचा लाभ आपण घेतच असतो, तेव्हा आपल्या शोधाने दुसऱ्यांची सेवा करण्याची संधी आली तर ती आनंदाने घ्यावी, असा त्यांचा विचार होता. पुढे काय झाले? लंडनच्या एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने त्यात थोडा फेरफार करून पेटंट घेतले आणि बक्कळ पैसा केला! फ्रँकलिन यांनी त्याच्याशी भांडण काढले नाही. जर्मनीतल्या राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले, पण पेटंट घेतले नाही. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी बिनतारी लहरींवर मूलगामी काम केले. १९०४ साली अमेरिकेत त्यांच्या नावे एक पेटंट झाले, पण ते हितचिंतकांच्या आग्रहामुळे. त्यातून पैसा करण्याचे त्यांच्या मनातही आले नाही.

मग पेटंट घेणारे काय वाईट? मुळीच नव्हे. मुंबईत १८६७ साली जन्मलेले शंकर आबाजी भिसे पाहा. छपाईचे खिळे पाडण्याच्या यंत्रापासून कितीतरी शोध त्यांनी लावले, रीतसर पेटंटे घेतली, त्यासाठी इंग्लंड-अमेरिकेची वारी केली, आणि १९३५ साली न्यूयॉर्कला त्यांचे देहावसान झाले. शोधावर पोट चालविण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. तेव्हा घेणारा खोटा आणि देणारा खरा, असा माझा निवाडा नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, घेणाऱ्याच्या पाठीशी कायदा असतो, वकील असतो, करारपत्र असते. देणाऱ्याच्या पाठीशी काय असते? फक्त तुमची-आमची आठवण. ती जर आपण ठेवली नाही, तर त्याच्यापाशी दुसरे काहीच उरत नाही.

याबाबत आपल्या देशाने एक चांगले पाऊल टाकले आहे, ते प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असावे. २००१ साली संसदेने पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. त्यात शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाण त्याच्या छापील नावाच्या पिशवीत भरून विकता येत नाही. आणि दुसरी महत्त्वाची तरतूद अशी की, कंपनीप्रमाणे शेतकऱ्यालाही आपण काढलेल्या वाणाची आपल्या नावे नोंदणी करता येते. कुणी म्हणेल, "ज्याला फुकटच वाटायचे आहे, त्याला नोंदणी कशाला?" तर याचे उत्तर दादाजींच्या कहाणीत आहे. नोंदणी म्हणजे दाराला लावलेले कुलूप नव्हे, ती दारावरची पाटी आहे. दार उघडे ठेवून पाटी लावता येते.

फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल आपला एक गैरसमज असतो. किंमत नाही म्हणजे ऋणही नाही, असे आपण धरून चालतो. खरे तर उलट आहे. विकत घेतलेल्या वस्तूचे ऋण पैसे टाकले की फिटते. दिलेल्या वस्तूचे ऋण फेडायचे कसे? त्याचा एकच मार्ग आमच्या आजीला ठाऊक होता. कुणी बी मागायला आली की ती मूठभर काढून देई आणि सांगे, "धाकल्या मावशीचं हाय बरं का!" बी पुढे जाई आणि नावही पुढे जाई. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणांची अशीच जतन-पेढी उभी केली आणि त्यांना पद्मश्रीचा मान मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. म्हणजे गाडग्यांची पोथी अजून सगळीच फुटलेली नाही.

तेव्हा जुन्या जालन्याच्या पेठेत या हंगामात बियाणे घ्यायला जाल, तेव्हा दुकानदाराला एक प्रश्न विचारून पाहा: "हा वाण कुणी काढला हो?" त्याला बहुधा सांगता येणार नाही. हरकत नाही. चार गिऱ्हाइकांनी विचारले तर तो पाचव्यासाठी माहिती काढून ठेवील. आणि तुमच्या घरी एखादे गावरान बी अजून राखून ठेवलेले असेल, तर आजच्या आज एक चिठ्ठी लिहून त्या डब्यात टाका. पिकाचे नाव, साल, आणि ते कुणी दिले त्याचे नाव. पुरे नाव लिहा. नुसते 'आत्याबाई' लिहू नका. त्या चुकीची किंमत आमच्या घराने मोजली आहे.